लग्नाच्या वर्षीची पँट

“काटा बिघडलाय!” असं म्हणून तो वजनकाट्यावरून खाली उतरला, आणि उतरता उतरता त्यानं त्या नव्याकोऱ्या काट्याला पायानं असं काही सारलं, की तो सरकत जाऊन भिंतीवर आपटला... आणि तो आघात थेट तिच्याच काळजावर झाला!

“बिघडलेला नाहीये हो,” ती कळवळून म्हणाली. “दुकानात मी स्वतः उभी राहिले होते त्याच्यावर. माझं वजन बरोबर दाखवतो, मग तुमचंच चुकीचं कसं दाखवेल?”

“तुझी ओळख असेल त्याच्याशी! तूच आणलास ना त्याला घरात?” तो हसला. पण त्या हसण्याच्या आड दुखावलेपण होतं, ते तिला बरोबर दिसलं. मग त्यानं नेहमीचं हत्यार बाहेर काढलं. दोन्ही अंगठे पँटच्या कमरेत खुपसून तो तिच्यासमोर ताठ उभा राहिला. “ही पँट कधीची आहे, सांग. आपल्या लग्नाच्या वर्षीची! ताईनं शिवलेली. सहा वर्षं झाली, आजही हुक लागतो की नाही? लागतो! मग वाढलेलं वजन गेलं कुठं? शेजाऱ्यांकडे?”

पँट खरोखरच समोर होती, आणि हुकही खरोखरच लागलेला होता.

खिडकीपाशी शिवणयंत्र थांबलं. त्याची थोरली बहीण, सगळे तिला ताईच म्हणत, चष्मा कपाळावर सरकवून या दोघांकडे पाहत होती.

“ताई, तूच सांग हिला,” तो म्हणाला.

ताईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून दोरा दातानं तोडला. “माणसाच्या अंगावर जरा मांस चढलं की काहींच्या डोळ्यांत खुपतं. तू जेव रे काटक्या. भात निवतोय.”

काटक्या! एके काळी तो होताही तसाच. आई-वडील एकामागोमाग एक गेले तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा होता, आणि ताई स्वतः अजून फ्रॉकमधून पुरती बाहेर पडली नव्हती. लोकांचे कपडे शिवून, स्वतः अर्धपोटी राहून, तिनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याच्या फासळ्या मोजता येत, म्हणून गल्लीतली पोरं त्याला काटक्या म्हणत. आणि ते नाव ताईला तेव्हा भुकेपेक्षाही जास्त झोंबत असे. पुढे तो शहराच्या बसवर चालक झाला, त्याच्या गालांवर गोलाई आली, आणि मग तेच नाव ताई लाडानं घेऊ लागली. त्या दिवसापासून त्याचं भरलेलं अंग हेच ताईचं वैभव होऊन बसलं! तिनं लग्न केलं नाही, दागिना केला नाही. पण माझा भाऊ कसा भरलाय बघा, हे सांगताना तिच्या आवाजात जी तृप्ती असे, ती भल्याभल्या श्रीमंतांच्या आवाजात ऐकायला मिळाली नसती.

आणि त्या तृप्तीवर ही कालची आलेली बायको बोट ठेवत होती...

ती काटा उचलून स्वयंपाकघरात गेली. तिनं तो कपाटाखाली सरकवला. डोळ्यांतलं पाणी मात्र कुठं सरकवावं, हे तिला कळेना.

तिला त्याच्या अंगाचा तिटकारा नव्हता हो! तसं कुणी म्हणालं असतं तर तिनं त्याच्या तोंडावर बोट ठेवलं असतं. तिला भीती होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असे, आणि त्या काउंटरवरून जग कसं बदलतंय ते तिला रोज दिसत असे. ती कामाला लागली तेव्हा साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आजोबा मंडळी येत, काठी टेकत, गप्पा मारत. मग त्यांची मुलं यायला लागली. आणि आता तिच्याच वयाची माणसं यायची, पोट काउंटरला टेकवून, धापा टाकत, मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवत. आणि वर म्हणायची, लवकर द्या, ऑफिसला उशीर होतोय. दिवसभर खुर्चीत बसायचं, मिळेल तेव्हा मिळेल ते खायचं, झोप तर उधारीवरच. सगळ्यांची तीच गत. आणि तिच्या घरातला माणूस दिवसभर स्टिअरिंगमागे बसून असे, दोन फेऱ्यांच्या मधे टपरीवरचं तळलेलं उभ्याउभ्या खात असे, आणि घरी आला की ताई त्याच्यापुढे डोंगराएवढा भात वाढत असे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो झोपला की ती त्याच्या उशाशी बसून राही. तो घोरायचा, सारं घर घोरण्यानं भरून जायचं... आणि मग एकाएकी सारं शांत व्हायचं. श्वासच नाही! तिनं हात लावायच्या आत तो बुडता माणूस वर यावा तसा धडपडून श्वास घेई आणि पुन्हा घोरू लागे. त्याला यातलं काहीच ठाऊक नसे. “मी तर ढाराढूर झोपतो,” तो म्हणे, आणि जेवताना त्याची मान ताटावर कलंडत असे.

हे सगळं तिला दिसत होतं. मान खांद्यात बुडाली होती, बोटातली अंगठी निघत नव्हती, जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबून उगाचच भिंतीवरच्या जाहिराती वाचत असे. पण कपडे! ते मात्र त्याला जसेच्या तसे होत होते. कधी कधी तिला स्वतःच्याच डोळ्यांची शंका येई. डोळे खरे की पँट खरी? आपल्याच मनात काही विष आहे का, की ज्यामुळे आपला नवरा आपल्याला असा दिसतो?

त्याच्या कपड्यांना हात लावायची तिला मुभाच नव्हती. “काटक्याचे कपडे मी बघते,” असं ताईनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. धुणं ताईचं, इस्त्री ताईची. तिला वाटे, ही बाई मला नवऱ्याच्या कपड्यांनासुद्धा शिवू देत नाही! तो अपमान तिनं कित्येकदा उशीत तोंड खुपसून गिळला होता, पण माहेरी कधी ब्र काढला नव्हता.

काट्यावरून झालेल्या त्या भांडणानंतर घरात अबोला धरला गेला. तो कामावर जाताना ‘येतो’ म्हणेनासा झाला. ताई जेवायला वाढताना त्याच्या ताटात एक चमचा जास्तच वाढे, बायकोच्या डोळ्यांत डोळे घालून. आणि अशातच एका दुपारी दुकानातला फोन वाजला, आणि मालकानं तो तिच्याकडे देताना तिच्या नजरेला नजर दिली नाही...

डेपोच्या वळणावर बस दुभाजकावर चढून दिव्याच्या खांबाला धडकली होती. शेवटचा थांबा होऊन गेला होता म्हणून आत उतारू नव्हते. उजवा पाय मोडला होता, कपाळाला खोक पडली होती, पण माणूस शुद्धीवर होता.

ती धावत दवाखान्यात पोहोचली तेव्हा त्याला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हलवत होते. पहिली खाट त्याला अरुंद पडत होती. चौघं जण त्याला उचलत होते, त्यातला एक जण दबल्या आवाजात काहीतरी बोलला आणि दुसरा फिसकन हसला. नवऱ्यानं डोळे घट्ट मिटून घेतले होते, पण ते त्याला ऐकू गेलं होतं, हे तिला त्याच्या ओठांवरून कळलं. त्या क्षणी त्या हसणाऱ्याचा गळा धरावा असं तिला वाटलं. आपण काटा आणला तेव्हा नवऱ्यालाही आपण हसतोय असंच वाटलं असेल का, हा विचार मात्र तिच्या मनात प्रथमच आला आणि ती शरमेनं जागच्या जागी थिजली.

पायाला प्लास्टर झालं. तोवर ताईही येऊन त्याच्या उशाशी बसली होती. मग डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला बोलावलं. बाई वयानं प्रौढ होत्या, आवाज थकलेला पण मायाळू होता.

“पाय जुळेल,” त्या म्हणाल्या. “मला चिंता पायाची नाही. साखर बरीच वाढलीये, रक्तदाब वाढलाय, यकृतावर चरबी आहे. आणि हे झोपेत श्वास थांबतो म्हणालात ना तुम्ही? तेच मुख्य आहे. रात्रभर श्वास अडखळला की मेंदूला विश्रांतीच मिळत नाही. मग दिवसा माणूस बसल्या जागी झोपतो. यांची झोपेची तपासणी करायची, नाकावर मास्क लावून झोपायचं, औषधं चालू करायची आणि वजन हळूहळू उतरवायचं. तोपर्यंत गाडी चालवायची नाही. पण हे तर ऐकायलाच तयार नाहीत! म्हणतात ब्रेक लागला नाही, मी झोपलोच नव्हतो. तपासणीच्या कागदावर सही करत नाहीत.”

“आणि असेच पुन्हा गाडीवर बसले तर?”

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तर पुढच्या वेळी बस रिकामी असेल असं मी तुम्हाला कसं सांगू? आणि गाडीवर नाही बसले, तरी कधीतरी तो थांबलेला श्वास पुन्हा सुरू होणार नाही. अहो, मी नोकरीला लागले तेव्हा असे रुग्ण क्वचित यायचे. आता या वॉर्डात बघा. सगळी कमावती माणसं, अर्ध्या आयुष्यात. त्यांना वाटतं, आपण खादाड, आपण आळशी, म्हणून ती लपवतात. हा आळस नाही, आजार आहे. पण आधी त्यांना तो आहे हे पटायला हवं ना!”

वॉर्डमधून त्याचा आवाज येत होता. तो परिचारिकेला सांगत होता, “वजन वाढलं असतं तर लग्नाच्या वर्षीची पँट झाली असती का मला? सांगा ना सिस्टर!”

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. “पेशंटचे कपडे. पँट कापावी लागली बरं का बाई, पाय सुजला होता. चांगली होती हो पँट.”

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. पिशवीतून तिनं ती पँट काढली. आज सहा वर्षांत पहिल्यांदा ती तिच्या हातात आली होती! कात्रीनं पायापासून कमरेपर्यंत उभी चिरली गेल्यामुळे पँट आतून पुस्तकासारखी उघडली होती... आणि आतली बाजू पाहताच तिनं ती उजेडाकडे धरली.

मागची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. एकदा नाही, अनेकदा. जुन्या टाक्यांची बारीक भोकं ओळीनं दिसत होती, एका ओळीबाहेर दुसरी, दुसरीबाहेर तिसरी. आत दुमडलेलं जादा कापड थोडं थोडं करून बाहेर सोडलं होतं. ज्या भागानं ऊन पाहिलं नव्हतं तो भाग अजून गडद होता. आणि ते कापड संपल्यावर दोन्ही बाजूंना, शर्टाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, वेगळ्या कापडाच्या बारीक त्रिकोणी कळ्या बसवल्या होत्या. त्यांचा रंग मूळ कापडाशी इतका जुळवलेला होता, की बाहेरून देवालाही कळलं नसतं.

म्हणजे डोळे खरे होते! पँटच खोटी होती!

संतापानं तिचे कान तापले. इतकी वर्षं... इतकी वर्षं ही बाई शांतपणे यंत्रावर बसून राहिली, आणि मी या घरात खोटारडी ठरले, मत्सरी ठरले, नवऱ्याच्या तोंडचा घास मोजणारी ठरले! चोर तो चोर आणि वर शिरजोर! तिला तडक आत जाऊन ती पँट ताईच्या पुढ्यात फेकावीशी वाटली. ती उठलीसुद्धा.

पण उठता उठता तिचं बोट त्या टाक्यांवरून फिरलं. ते यंत्राचे टाके नव्हते. यंत्राचा आवाज होऊ नये म्हणून असेल, सगळं हातानं शिवलेलं होतं. अलीकडे सुईत दोरा ओवायला ताई शेजारच्या मुलीला हाक मारत असे, इतकी तिची नजर उतरली होती. तरीही एकेक टाका मोत्यासारखा सारखा होता. एवढी व्याकूळ, एवढी जीव ओतलेली शिवण तिनं कधी पाहिली नव्हती. तिला दोन वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. डेपोत खाली वाकताना सगळ्यांदेखत त्याची पँट फाटली होती, लोक खदाखदा हसले होते, आणि तो घरी येऊन दोन दिवस जेवला नव्हता, कुणाशी बोलला नव्हता. त्या दोन दिवसांत ताईनंही पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं... त्यानंतरच हे सुरू झालं असणार.

तिचा राग गेला नाही. पण त्या रागाला आता एक चेहरा फुटला होता, आणि तो चेहरा वैरिणीचा नव्हता.

ती आत गेली. ताई त्याच्या उशाशी बसून त्याला चमच्यानं पेज भरवत होती. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि मान फिरवली.

“हे पाहा,” ती म्हणाली, आणि उघडलेली पँट तिनं त्याच्या पांघरुणावर पसरली. “तुमच्या पँटची साक्ष काढत होतात ना? घ्या. आतून बघा.”

आधी त्याला कळलंच नाही. मग तो ते गडद पट्टे, ती भोकं, त्या कळ्या बोटांनी चाचपू लागला. तो शिंपिणीच्या हाताखाली वाढलेला होता. शिवण त्याला वाचता येत होती. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“हे... हे कुणी केलं?”

ताईच्या हातातला चमचा हवेतच थांबला. तिनं बायकोकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत याचना नव्हती. आता शिक्षा ऐकायची आहे, एवढंच त्या नजरेत होतं.

आणि त्या एका क्षणात त्या दुर्लक्षित, अपमानित बायकोच्या अंतःकरणात कुठून करुणेचा पाझर फुटला कोण जाणे! तिला वाटलं, याच्याशिवाय या बाईचं जगात आहे कोण? मला निदान रागावून जायला माहेर आहे. हिला तर तेही नाही. ह्याच्या मनातून ही उतरली तर उद्या जगेल कशासाठी?

“मी,” ती म्हणाली.

“काय?”

“मी सांगितलं ताईंना उसवायला. डेपोत तुम्हाला पुन्हा कुणी हसू नये म्हणून. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी फक्त माझं ऐकलं.”

ताईच्या हातून चमचा खाली पडला.

मग त्याचा आवाज चढला. “तू? एका तोंडानं मला टोमणे मारायचे, काट्यावर चढवायचं, आणि पाठीमागून हे? दोन वर्षं मला वेड्यात काढलंस? मी पँट दाखवायचो तेव्हा मनातल्या मनात हसत असशील ना? डेपोतली माणसं परवडली, ती निदान तोंडावर हसतात!”

“नाही हो... कधीच हसले नाही...”

“जा इथून! मला तुझा चेहराही नको. आणि ती तपासणी, तो मास्क, ते तुझ्या डॉक्टरणीलाच सांग! तुझ्या शब्दावर माझा काडीचा विश्वास उरला नाही. पाय जुळला की मी सरळ गाडीवर बसणार!”

हे काय होऊन बसलं! ताईला वाचवायला गेली, आणि त्याच्या हातून औषधच काढून घेतलं... खरं सांगावं तर बहीण जाते, न सांगावं तर नवरा! ती वळली आणि दाराकडे चालू लागली.

“थांब!”

तो ताईचा आवाज होता. इतका फाटलेला आवाज तिनं त्या बाईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“काटक्या, तिला बटणसुद्धा लावता येत नाही रे,” ताई म्हणाली. “स्वतःच्या ब्लाउजचा हुक तुटला तरी माझ्यासमोर घेऊन येते. आणि या पँटला मी तिला कधी हात लावू दिला नाही, हे तुला ठाऊक नाही? हे टाके तुझ्या बहिणीचे आहेत. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती खोटं बोलतेय... माझ्यासाठी खोटं बोलतेय!”

“ताई...”

“मला बोलू दे. तू त्या दिवशी फाटकी पँट हातात धरून आलास. लहानपणी शाळेतून रडत यायचास ना, तसाच. मला ते बघवलं नाही रे! मला वाटलं, कपडा मोठा केला की तुझं दुःख लहान होईल. एकदा उसवली. मग पुन्हा उसवावी लागली. कापड संपलं तेव्हा मलाही कळलं होतं. मी काय आंधळी आहे? पण तुला कमी वाढायचं म्हटलं की मी आणखी एक चमचा वाढायची. आपण उपाशी झोपायचो ते दिवस डोळ्यांपुढे यायचे. आणि ही पोर खरं बोलायची, म्हणून मला ती वैरीण वाटायची. माझ्यासमोर तू तिला खोटं पाडायचास, आणि मी... मी मान खाली घालून दोरा तोडायची!” ताईनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. “मी तुला खाऊ घालून मारत होते रे बाळा!”

तो पँटकडे पाहत पडून राहिला. मग अगदी लहान मुलाच्या आवाजात त्यानं विचारलं, “म्हणजे... काटा बरोबर होता?”

बायकोनं डोळे पुसत मान डोलावली.

आणि मग तो एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडू लागला. ताई त्याला जवळ घ्यायला पुढे झाली, पण त्यानं हात पसरला तो बायकोकडे. “ब्रेक लागत होता गं,” तो म्हणाला. “ब्रेक चांगला होता. मी झोपलो होतो. वळण कधी आलं, मला कळलंच नाही. याआधीही दोनदा असं झालंय, सिग्नलवर. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले तेव्हा जाग आली. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी गेली असती हातातून, आणि सगळे म्हणाले असते, बघा, खाऊन खाऊन सुस्तावलाय. मागे पन्नास माणसं बसलेली असायची गं... लेकरं असायची शाळेची...”

“गप्प व्हा. वाचलात ना, वाचले ना सगळे?” तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. “कुणी काही म्हणणार नाही. मीही नाही. पुन्हा कधीच नाही.”

“त्या बाईंना बोलव,” तो म्हणाला. “कुठं सही करायची ते दाखवायला सांग.”

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. तो थकून डोळे मिटून पडला. बाहेर बाकावर ताई आपली म्हातारी होत चाललेली बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती. बायको जवळ आली तशी ताई उठली आणि तिच्या पायांकडे वाकली. तिनं घाईघाईनं दोन्ही हातांनी तिला धरलं.

“हे काय करताय ताई! वयाचं तरी भान ठेवा!”

“मला क्षमा कर गं पोरी... नाहीतर नको करू. पण मला घरातून जायला सांगू नकोस. मी कोपऱ्यात पडून राहीन.”

“तुम्ही कुठं जाणार? घर तुमचंच आहे. आणि मी तरी कुठं शहाणी?” तिचाही बांध फुटला. “तुम्ही त्यांची लाज झाकली, मी ती काट्यावर मांडली. आजारी माणसाजवळ बसून ‘तुम्हाला होतंय तरी काय’ एवढं साधं विचारलं नाही आपण दोघींपैकी कुणी. रोज भांडलो मात्र, कुणाचं प्रेम खरं म्हणून.”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सहा वर्षांचं साठलेलं रडणं होतं ते, एका बैठकीत संपणारं नव्हतं. पण मावशींनी चहा आणून दिला तेव्हा तो दोघींनी एकाच कपातून घेतला.

पुढचे महिने काही सोपे गेले नाहीत. नाकावर मास्क लावून झोपणं पहिल्या आठवड्यात त्याला फासावर चढल्यासारखं वाटलं. मग एका सकाळी तो उठला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “अगं, मला स्वप्न पडलं! कित्येक वर्षांत पडलं नव्हतं.” डेपोनं त्याला तात्पुरतं तिकीट कचेरीत घेतलं. संध्याकाळी तिघं मिळून चालायला जात, पाय दुखला की वाटेतल्या पारावर बसत. ताई भात वाढताना अजूनही अडखळे. मग ती डाव बायकोच्या हातात देई आणि दुसरीकडे बघे. वजन उतरलं, थोडं पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच होतं, घाबरू नका, आता तुम्ही लपवत नाही हेच मोठं आहे.

काठी सुटली त्या सुट्टीच्या दिवशी त्याला कचेरीसाठी नवी पँट हवी झाली. ताईनं कापड पसरलं, आणि मग गळ्यातली टेप काढून हातात घेतली. तो चकित झाला. आजवर ताईनं त्याला कधी टेप लावलीच नव्हती. त्याचे कपडे ती नुसत्या नजरेनं बेतायची.

“आज माप घेऊन शिवणार आहे,” ताई म्हणाली. “सरळ उभा राहा.”

तो खिडकीतल्या उजेडात उभा राहिला. ताईनं टेप त्याच्या कमरेभोवती फिरवली. तिच्या हातांची मिठी जेमतेम पुरत होती. बायको पलीकडे वही-पेन्सिल घेऊन आकड्याची वाट पाहत थांबली होती. टेप अंगाला लागताच त्यानं सवयीनं पोट आत ओढलं, छाती फुगवली आणि श्वास रोखून धरला.

ताई थांबली. टेपचं टोक तसंच धरून तिनं मान वर केली आणि त्या मोठ्या, घामेजलेल्या, भेदरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“श्वास सोड बाळा,” ती म्हणाली. “जे असेल ते मी खरं सांगणार आहे.”

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती जवळ येऊन उभी राहिली. मग त्यानं श्वास सोडला.